कण्हेरीची कमान

या वर्षी भाऊबंदांची कानबाई, श्रावणात एका रात्रीसाठी येणारी आमची देवी, आमच्या घरी बसायची होती, आणि मला काळजी लागली होती एका मांजरीची. हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मांजर माझ्या नातीची. स्वप्नाली नाशिकला शिकायला गेली तेव्हा बाजरीला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "नाना, हिला तुम्हीच सांभाळा. बाकीच्यांना ती नुसतं मांजर वाटते."

बाजरीला प्रत्येक पान चावून बघायची खोड. म्हणून मी पुस्तकं काढून बसलो. कण्हेर मांजराला विषारी. पान, फूल, एवढंच काय, फांदी बुडवलेलं पाणीसुद्धा. वाचलं त्याच आठवड्यात अंगणातली कण्हेर मुळासकट काढून टाकली. आमच्या लोणखेड्यात कोणी कारण विचारलं तर मी म्हणायचो, पाला फार पडतो.

रविवारी सकाळी माझी थोरली भावजय फुलवंताबाई कण्हेरीच्या फांद्यांचा भारा घेऊनच आली. आमच्या घराण्यात कानबाईच्या चौरंगाला कण्हेरीचीच कमान बांधतात.

"वहिनी," मी चाचरत म्हणालो, "या वर्षी झेंडूची केली तर?"

"झेंडूनी? कानबाईले?" तिनं कमरेवर हात ठेवले. "नाना, तुन्हा पुस्तकमा कानबाईनं नाव तरी शे का?"

नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळणाऱ्या बाया खदखदून हसल्या. मीही हसलो. विष हा शब्द ओठांपर्यंत आला होता, तो गिळला. कानबाईच्या घरात असला शब्द कसा काढायचा? शिवाय पुस्तक परदेशातलं. त्यांची कण्हेर वेगळी असेल. माझंच वाचण्यात चुकलं असेल.

मग मी बाजरीला माझ्या पुस्तकांच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी घातली आणि दारापाशी खुर्ची टाकून बसलो. घरात गाणी, फुगड्या, पंगती. माझ्या हातात पुस्तक होतं, पण पान उलटत नव्हतं. आतून बाजरी दार ओरबाडायची, तेव्हा बरं वाटायचं. ओरबाडते आहे म्हणजे ठीक आहे.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर विसर्जनाला निघायची वेळ झाली. निघताना घरातलं एकही दार बंद ठेवायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. फुलवंताबाई एकेक कडी काढत माझ्यापर्यंत आली.

"ऊठ नाना. कानबाईले बंद दार दखाडतस का?"

मी उठलो. खरं तर तिथेच बोलायला हवं होतं. तिनं कडी काढली आणि तेवढ्यात कोणीतरी मला आरतीला ओढून नेलं. आरती संपेपर्यंत माझं लक्ष त्या दाराकडेच होतं, आणि तरी मी टाळ्या वाजवत उभा राहिलो.

परत येऊन पाहतो तर खोली रिकामी. ओसरीत कमान सोडून ठेवली होती, फुलं नदीपर्यंत टवटवीत राहावीत म्हणून फांद्या पाण्याच्या घंगाळात. घंगाळाशेजारी बाजरी. तोंडातून लाळ गळत होती, पायाशी चावलेलं पान. मी हात लावला तशी ती ओकली.

मी तिला उपरण्यात गुंडाळलं, ते पान खिशात टाकलं आणि दाराशी धावलो. डोक्यावर कानबाई घेऊन फुलवंताबाई उंबऱ्यापाशी उभी, पुढे बायांनी आणि वाजंत्र्यांनी गल्ली भरलेली.

"थांबा!" मी ओरडलो. वाजंत्री थांबली.

"नाना, मांजरकरता कानबाई थांबाडस का?" फुलवंताबाईचा मुलगा भटू चिडला.

उभ्या आयुष्यात मी घरातही छापील बोलत आलो. त्या क्षणी मात्र आईची बोली बाहेर पडली. "भटू, ती मरी जाई! कण्हेर विष शे!"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाजरी पुन्हा ओकली.

फुलवंताबाईला मान वळवता येत नव्हती. समोर बघतच ती म्हणाली, "भटू, गाडी काढ. बायाहो, सरका. कानबाई उभी ऱ्हाई."

गल्ली दुभंगली.

शहाद्याचे डॉक्टर भाग्येश म्हशी-बैलांचे. त्यांनी बाजरीच्या इवल्याशा छातीला नळी लावली आणि कपाळाला आठी घातली. "ठोके चुकताहेत. काय खाल्लंय, नक्की?"

मी पान काढून दिलं.

"किती?"

"माहीत नाही. तासही झाला नसेल."

इंजेक्शन झालं, सलाइन लागलं. "आता वाट बघायची," ते म्हणाले. खिशात फोन वाजला. पडद्यावर स्वप्नालीचं नाव. मी तो वाजू दिला.

दुपारी फुलवंताबाई थेट नदीवरून आली, ओल्या पदरानं, हातात प्रसाद. ती बाजरीजवळ वाकली.

"काल का बरं बोलना नही?"

"माले वाटनं, मन्हंच चुकत व्हई."

"चुकतं तं आम्ही हासतूत." तिनं बाकावर प्रसाद ठेवला. "हासानं कोनी मरस का?"

डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली, या वेळी फार वेळ. "ठोके जागेवर येताहेत. पण दोन दिवस इथेच राहू द्या."

फोन परत वाजला. त्या आवाजाकडे बाजरीचा एक कान हळूच वळला. बोलावं की आणखी थोडं थांबावं, ठोक्यांची खात्री झाल्यावर सांगावं? फुलवंताबाई माझ्याकडे बघत होती.

मी फोन उचलला.

"नाना, कानबाई गेली का? बाजरी काय करतेय?"

"सांगतो, बेटा," मी म्हणालो. "सगळं सांगतो."