चढावरचा काटा

"पाखरा रे पाखरा, खा पन दमानं, दमानं,
माझ्या बापाच्या भाकरीपुरतं ठेव इमानं."

हा आवाज भिमाजीनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. तिसगावच्या बाजारातून खोंड घेऊन तो पायवाटेनं निघालेला. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेली, हुरड्यात आलेली ज्वारी, आणि त्या ज्वारीतल्या कुठल्याशा माळ्यावरून हे गाणं खाली उतरलं. बाकीच्या पोरी पाखरं राखताना हाकारे घालतात, गोफण भिरकावतात, पाखरांच्या आईबापांचा उद्धार करतात. ही पाखरांशी बोलणी करत होती. खोंड थांबला. खोंड थांबला म्हणून मी थांबलो, असंच भिमाजी पुढं जन्मभर सांगत आला.

ज्वारीत पोरगी काही दिसली नाही. मागणी घालायला मामाला पाठवलं तेव्हा मामानं विचारलं, पोरगी पाहिली का? भिमाजी म्हणाला, "ऐकलीय."

ती चांगुणा. ती सून म्हणून आली आणि गावातल्या लग्नांना तोंड फुटलं. लग्नाआधी मुसळांना आंब्याची पानं बांधून बाया उखळात हळद कांडतात, गाणी म्हणतात, त्याला घाणा म्हणायचा. चांगुणेवाचून गावात घाणा भरला जात नव्हता. नवरदेवाच्या नाकापासून विहिणीच्या चालीपर्यंत सगळं ती उभ्या उभ्या ओवीत ओवायची. विहिणी रुसायच्या, पण हसून घेतल्यावर.

मग चाळिशीच्या पुढं तो आवाज हळूहळू बुडाला. एका दिवसात गेला असता तर कुणी शोधला तरी असता. आधी तो घोगरा झाला, मग जाड. एकदा दारात कासार आला, बांगड्या म्हणून ओरडला. आतून चांगुणेनं "थांबा" म्हटलं, तर तो म्हणाला, "दादा, घरात बायाबिया न्हाईत का?" त्या दिवशी चांगुणेनं बांगड्या भरल्या नाहीत.

आवाजाच्या मागोमाग बाकीचंही मंदावलं. चैत्राच्या उन्हात ती घोंगडी घेऊन बसायची. तोंडावर सूज, पापण्या जड, विंचरताना केस फणीत. भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि तव्यावरची करपायची. गावाला मात्र तिचा भरलेला चेहरा तेवढा दिसला. शेजारची गोजरबाई म्हणायची, बाई बसून सुटली, दादल्याचं सुख दुसरं काय. भिमाजीला हे ऐकून बरंही वाटायचं आणि कसंसंही व्हायचं, कारण त्या सुखातलं त्याच्या हाती काही लागत नव्हतं. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. होती ती झोपायची.

धाकट्या लेकीचं, राहीचं लग्न ठरलं, देवळाली प्रवऱ्याचं स्थळ, एकाहत्तरच्या वैशाखातलं. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी गव्हाणीपाशी चांगुणा एवढंच म्हणाली की साऱ्या गावाच्या लेकी मी गाऊन पाठवल्या, माझीच मुकी जायची. भिमाजीनं दिवाळी होऊ दिली आणि तिला एस.टी.त घालून नगरला नेलं.

नगरचे डॉक्टर तरुण होते. खेड्यातली माणसं बहिरी असतात अशी त्यांची समजूत असावी, कारण ते साधं नावही ओरडून विचारत. त्यांनी चांगुणेला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबराच्या हातोडीनं टक् केलं. पाऊल उडालं, पण खाली यायला त्यानं असा वेळ घेतला की जणू येऊ की नको विचारतंय. डॉक्टर हसले. भिमाजीला राहवेना, माझीही बघा म्हणाला. त्याचं पाऊल टणकन उडून झटक्यात खाली आलं आणि खालची पिकदाणी कलंडली.

मग रक्त काढून झालं, छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढून झाली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी निकाल सांगितला. गळ्यात थायरॉईड नावाची एक ग्रंथी असते, ती झोपलीय. ती झोपली की अंगातलं सगळंच पेंगतं, आवाजसुद्धा. आणि रक्तातली चरबी उपसायचं काम पेंगलं की ती साठत जाते, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आतून चिंचोळ्या व्हायला लागतात. त्या चरबीला कोलेस्टेरॉल म्हणतात. भिमाजीनं हा शब्द पाठ करायला घेतला, पण करंजी घाट ओलांडेपर्यंत त्याचे चार तुकडे झाले होते. तिसगावच्या स्टँडवर लोकांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगून टाकलं, "मोठ्या नावाची चरबी हाय."

गोजरबाईला हे पटलं नाही. "आमच्या भाकरीला तुपाचं बोट लागत न्हाई, आन् हिच्या रगतात चरबी? कुठनं चोरून खाती गं?"

ते खाण्यातून नव्हे, ग्रंथीमुळं, असं डॉक्टरांनी दोनदा ओरडून सांगितलं होतं. तरी भिमाजीच्या मनात किडा वळवळला. त्यानं तुपाच्या गाडग्याला गुपचूप कोळशाची रेघ मारली. आठवड्यात तूप रेघेच्या खाली बोटभर गेलं. मोठ्या विजयानं त्यानं चांगुणेला गाडगं दाखवलं. तिनं सावकाश त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा तिचं सगळंच सावकाश होतं, आणि म्हणाली, "तुमची भाकरी मऊ कशानं लागती, इचारलं का कधी?" भिमाजीनं धोतराच्या सोग्यानं कोळशाची रेघ पुसून टाकली.

औषध होतं एवढीशी गोळी, आणि तीही आख्खी नाही. पहिल्यांदा पाव. डॉक्टरांनी बजावलं होतं की हृदय इतकी वर्षं पेंगत काम करतंय, नळ्यांत चरबी साठलेली असणार. गोळी अंगाला जागं करील, तसं हृदयाला जास्त पळावं लागेल आणि तेवढं रक्त त्याला मिळालं नाही तर ते तक्रार करील. चढ चढताना छातीत, हातात, जबड्यात दुखलं की आधी मला सांगायचं. मग गोळी वाढवायची नाही, कदाचित कमी करायची. नीट दमानं घेतलं तर हीच गोळी पुढं चरबीही उतरवील. भिमाजीला ते चटकन कळलं. वर्षभर गोठ्यात बसलेला बैल पहिल्याच दिवशी मोटेला कोण जुंपतं?

तो रोज अडकित्त्यानं गोळीचे चार भाग करायचा. सुपारी कातरतानासुद्धा त्यानं कधी जीभ बाहेर काढली नव्हती, ती आता काढायचा. पाव झाली, मग अर्धी. आणि चांगुणा उजाडायला लागली. घोंगडी खुंटीला गेली. एकदा चुलीपुढं तिच्या कपाळावर घाम आला, तर तिनं राहीला हाक मारून दाखवला. संक्रांतीच्या सुमारास वासरू दाव्यातून सुटलं. चांगुणेनं त्याला हाकललं आणि त्या ओरडण्यात, जाड्याभरड्या सुतात जरीची तार यावी तशी, जुन्या आवाजाची एक तार चमकून गेली. वासरू पळालं. भिमाजीच थांबला, आणि या खेपेला नाव घ्यायला खोंडही नव्हता.

आता ती पुटपुटत गाणी जुळवू लागली. देवळालीच्या विहिणीचं नाक मोठं आहे हे तिला कळलं होतं, आणि त्या नाकावर तिनं तीन ओव्या तयार ठेवल्या होत्या.

पण त्याच दिवसांत तिच्या पायात काटे रुतायला लागले.

विहिरीवरून वस्तीवर यायला एक चढ आहे. पाण्याचा हंडा घेऊन ती त्या चढाच्या मध्यावर थांबायची, हंडा बांधावर ठेवायची आणि पाय धरून बसायची. काटा, म्हणायची. भिमाजी सुई घेऊन धावला, टाच धुतली, उन्हाकडं धरून पाहिली. काटा नव्हता. दुसऱ्या दिवशी काटा डाव्या पायात गेला. तिसऱ्या दिवशी कुठल्या पायात, हे तिला स्वतःलाच आठवेना. भिमाजीनं त्या चढावरच्या बोरी-बाभळी झाडून काढल्या, तरी काटे रुतायचे थांबेनात. आणि हे काटे मोठे शहाणे होते. ते चढावरच रुतायचे, उतारावर कधी नाही. घटकाभर बसलं की आपले आपण निघून जायचे.

बैलाच्या पायाचं ज्याला कळतं त्याला हे कळायला फार वेळ लागला नाही. त्यानं विचारलं, पायात दुखतं की वर? चांगुणेनं आधी डोळे तपासून घ्या म्हणून टोमणा मारला, मग रुसली, आणि शेवटी त्याचा हात ओढून शेण सारवत बसलेल्या राहीच्या डोक्यावर ठेवला. "हिची शपथ हाय. डाक्तरापुढं माझ्या छातीचं नाव काढायचं न्हाई."

लेकीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. भिमाजीनं मान हलवली आणि होळीपर्यंत नीट जेवला नाही.

होळी झाल्यावर ते नगरला गेले. डॉक्टर तिला पाहून खूश झाले. रक्तातली चरबी उतरू लागली होती, नाडी जागी झाली होती, चेहऱ्याची सूज ओसरली होती. त्यांनी खेपेगणिक विचारायचे तेच विचारलं, छातीत काही? चांगुणा म्हणाली, काही न्हाई. मग चालण्याफिरण्याचं विचारलं. झकास, म्हणाली. डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि म्हणाले की आता आख्खी गोळी घ्यायला हरकत नाही.

भिमाजीनं आढ्याकडं पाहिलं, टोपी काढली, घातली. छातीचं नाव काढायचं नव्हतं. पायाचं काही ठरलं नव्हतं.

"सायब," तो म्हणाला, "हिच्या पायात काटा हाय. तेवढा बघा."

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले की काट्याला मी कशाला, बाहेर कंपाउंडर आहे. पण भिमाजी तोवर जमिनीवर बसला होता. त्यानं चांगुणेचं पाऊल भर दवाखान्यात, बाकड्यावरच्या बाया बघत असताना, आपल्या मांडीवर घेतलं होतं. चांगुणा लाजून पाय ओढत होती आणि तो सोडत नव्हता.

"लई दिसाचा हाय, सायब. चढालाच रुततो. उताराला रुतत न्हाई. बसली की निघतो."

डॉक्टरांचा पेन थांबला. ते वाकले, त्यांनी टाच पाहिली, तळवा पाहिला, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मग आज पहिल्यांदाच न ओरडता त्यांनी विचारलं, "बाई, कुठं रुततो?"

चांगुणेनं खाली पाहिलं. नवऱ्याची टोपी वाकडी झाली होती आणि बैलाचा खूर धरावा तसं तिचं पाऊल त्यानं धरून ठेवलं होतं. तिला हसू आलं. हसता हसता डोळे भरले, आणि तिनं पदराखालून हात काढून छातीच्या मधोमध ठेवला.

"पायात काई न्हाई, डाक्तरसायब. ह्यांनी उगा माझा पाय धरलाय. हितं दुखतं. संक्रांतीपासनं दुखतं. चढ लागला की कुनी आवळून धरल्यावानी हुतं, डाव्या हातात उतरतं, बसले की जातं. सांगितलं असतं तर तुमी गोळी काढून घेतली असती, आन् माझ्या राहीचा घाणा दुसऱ्याच कुनीतरी म्हनला असता. म्हनून न्हाई सांगितलं."