तळघरातली खोली

खोकला पुन्हा ऐकू आला, तेव्हा धुणेवाली स्टुलावर उभी राहून खिडकीची काच पुसत होती. तिचा हात काचेवरच थांबला. दुपारची वेळ होती, खोलीभर ऊन पसरलं होतं आणि खोकला अगदी तसाच होता. आधी दोनदा कोरडा, मग लांब ओढलेला, आणि शेवटी शिट्टीसारखा बारीक श्वास.

ती खाली उतरली आणि भिंतीला कान लावून उभी राहिली. जुन्या धुराड्याची पोकळी त्या भिंतीतून थेट तळघरापर्यंत गेली होती. आवाज तिथूनच येत होता.

तिची मुलगी त्याच तळघरात दगावली होती. या घराचे कपडे धुण्याच्या बदल्यात त्यांना खालची ती खोली मिळाली होती. भिंतींना बाराही महिने ओल असायची, पोतेरं पिळावं तसं पाणी झिरपायचं. मुलगी खोकायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिला कोरड्या जागी हलवा. धुणेवालीने घराच्या मालकीणबाईंपुढे, बाईसाहेबांपुढे, पदर पसरला. वर तीन खोल्या कुलपात होत्या. बाईसाहेब वाईट बोलल्या नाहीत. पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू, एवढंच म्हणाल्या. पाहुणे आले, राहिले, गेले. तोवर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी सरकार बदललं. मोठी घरं कुटुंबागणिक वाटून द्यायची असा कायदा झाला. घराची समिती बसली आणि कारखान्यातला फिटर तिचा अध्यक्ष झाला. दिवाणखान्यात दोन संसार थाटले गेले, संगमरवरी टबात कुणी बटाटे साठवले. आपल्याला शेवटी अंघोळीपुरतं तरी राजेपण मिळेल असं वाटलं होतं, तेही बटाट्यांनी पळवलं, असं लोक हसून म्हणायचे. धुणेवालीच्या वाट्याला बाईसाहेबांची झोपायची खोली आली. किल्ली हातात घेताना नवऱ्याला रडू आवरलं नाही. तो धक्क्यावर हमाली करायचा. पाठ मोडली तरी कधी डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं त्याने. ती मात्र त्या उन्हाकडे नुसती बघत राहिली. हे ऊन एक वर्ष उशिरा आलं होतं.

आणि आता आठवडाभर हा खोकला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, भास आहे, मनावर घेऊ नकोस. तो दिवसभर धक्क्यावर असायचा, त्याला कुठून ऐकू येणार? पण तसं म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी तिने फडकं टाकलं आणि ती जिना उतरली. वरची खोली मिळाल्यापासून तळघराच्या पायऱ्यांवर तिने पाय ठेवला नव्हता. कोपऱ्यातली बाज दिसली, बाजेवर पाठमोरं, पांघरुणात गुंडाळलेलं लहानसं कुणीतरी दिसलं आणि तिच्या तोंडून पोरीचं नाव निघता निघता राहिलं.

ते कुणीतरी वळलं. बाईसाहेब होत्या.

त्या भावाकडे राहायला गेल्या होत्या. पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. भावाने महिनाभरात बोचकं बांधून दिलं. परत आल्यावर समितीने रिकामी होती ती एकच खोली त्यांना दिली. धुणेवाली पहाटेच सार्वजनिक धुलाईघरात जायची, आणि तिला कुणी सांगितलंही नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं, हे तिला तिथेच, त्या पायरीवर उभ्या उभ्या कळलं.

खोकला आवरायला बाईसाहेबांनी तोंडावर हात धरला. केस पांढरे झाले होते, मनगटं पोरीसारखी बारीक झाली होती. धुणेवालीला वाटलं होतं, ही बाई कधी अशी दिसली तर आपल्या जिवाला थंडावा मिळेल. तिने आत चाचपून पाहिलं, थंडावा कुठेच नव्हता. भिंतीवरून पाणी तेवढं तसंच झिरपत होतं.

रविवारी सकाळी समितीच्या बैठकीत ती उभी राहिली. त्या खोलीत कुणी राहू नये, म्हणाली. फिटरला आधी समजेचना. तो सरळ माणूस होता. दुसऱ्याच्या घरासाठी भांडताना पूर्वी एकदा स्वतःच्या नोकरीवर पाणी सोडलेला.

"ताई, तुमच्याबद्दल वाटतं म्हणूनच बोलतो," तो म्हणाला. "असल्या लोकांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या खाली ठेवलं. एक हिवाळा त्यांनाही कळू दे की."

"कळून काय होणार, भाऊ? भिंत वाळणार आहे का?" ती बसली नाही. "घरं वाटली तेव्हा तुम्ही फाटकापाशी स्टुलावर चढून सांगितलं होतं, आता तळघरात कुणी राहणार नाही. माणसं बदलू, असं नव्हतं सांगितलं. खाली कुणी ना कुणी खोकतंच आहे आणि मी वर उन्हात बसून ऐकते आहे. म्हणजे बाईसाहेब कोण झाली? मीच ना?"

तेवढ्यात मागून तिचा नवरा उठला. त्या बाईला तिथेच राहू दे, तो म्हणाला. माझ्या पोरीला कुणी वर घेतलं नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं पुटपुटून एक म्हातारा मान हलवू लागला. धुणेवालीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं काही चुकत होतं असं तिला म्हणता येईना. तरी ती उभीच राहिली.

फिटरने हनुवटी खाजवली. मग त्याने विचारलं, दुसरी खोली नाही, मग बाईंना ठेवायचं कुठे? ती म्हणाली, आमची खोली मोठी आहे, मध्ये पडदा लावू. हात वर करा म्हटल्यावर हळूहळू हात वर झाले. नवऱ्याचा झाला नाही.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या त्याने हातोडी घेतली, भिंतीत दोन खिळे ठोकले आणि दोरी ताणून बांधली. खिळे गरजेपेक्षा फार जोरात ठोकले होते. बाईसाहेबांचं बोचकं त्यानेच वर आणलं, पण ठेवताना त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तळघर बुजवायचं ठरलं. पलीकडे जुनी भिंत पाडली होती, तिचा राडारोडा पडून होता. सुट्टीच्या दिवशी सगळे पाट्या घेऊन लागले. सर्वांत जास्त पाट्या नवऱ्याने वाहिल्या. दुसऱ्या कुणाला त्याने त्या कोपऱ्याकडे जाऊ दिलं नाही. तो कोपरा त्याने एकट्याने, हळूहळू, जणू खाली कुणी निजलं आहे अशा बेताने भरला.

धुणेवाली वर पायरीवर उभी होती. तिला वाटलं होतं, खोली बुजली की कानातला तो खोकला थांबेल. आता वाटत होतं, तो थांबला तर आपल्याकडे पोरीचं काय राहील? विटांचे तुकडे पडत होते, धूळ उठत होती. भिंतीचा काळा ओलसर पट्टा हातभर उरला, मग वीतभर, मग दिसेनासा झाला.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं तिला जाणवलं. बाईसाहेब कठड्याला धरून उभ्या होत्या.

"तुमच्या मुलीचं नाव काय होतं?" बाईसाहेबांनी विचारलं. "घरात सगळे छोटी म्हणायचे. मी कधी विचारलंच नाही."

धुणेवालीला वाटलं, सांगू नये. एवढी एकच गोष्ट या घरात तिची स्वतःची होती. खाली नवरा पाटी रिकामी करता करता थांबला होता आणि वर बघत होता.

तिने नाव सांगितलं. पोर गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने.

बाईसाहेबांनी ते हळूच म्हणून पाहिलं. चुकीचं म्हटलं, शेवटचं अक्षर ऱ्हस्व.

"तसं नाही," धुणेवाली म्हणाली आणि तिने पुन्हा, सावकाश, सांगितलं.