गळ्याशी पट्टा

पहूरच्या बहिणीनं गांडुळांची पिल्लं देतानाच यशोदाबाईंना सांगितलं होतं: वाढ पुरी झाली की गळ्याशी पट्टा दिसतो, मगच ती अंडी घालतात. शिरपूरजवळच्या यांच्या मळ्यात मात्र पिल्लं दोऱ्याएवढीच राहिली.

संशय नवऱ्यावर होता. रुपचंदनाना फवारणीच्या पंपात औषधाचं एक झाकण मोजून ओतायचे आणि वर आणखी एक, बोंडअळीच्या नावानं. तीस वर्षांची सवय ती, सांगून थोडीच सुटणार! यशोदाबाईंनी सरळ दोन मडकी भरली. एकात फवारलेल्या कपाशीची माती, दुसऱ्यात लिंबाखालची, जिथं औषधाचा थेंब पडला नव्हता. दोन्हींत बहिणीकडची नवी पिल्लं, तिच्याकडचंच शेण आणि विहिरीवरच्या ड्रमचं पाणी.

चाळिसाव्या दिवशी मडकी उपडी केली. दोन्हींत दोरेच.

"देख, तुन्या चोख्ख्या मडकामाबी तेच शे," नाना खुशीत म्हणाले. "दवाईना काय दोष?"

शेजारचा जीवरामही हसला. यशोदाबाईंना रडू यायचंच बाकी होतं. पण त्या तिथंच बसून बोटांवर मोजू लागल्या. माती वेगळी, पिल्लं बहिणीची, शेण बहिणीचं. उरलं पाणी. त्या ड्रमात काय काय बुडतं, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नानांचं हसू मावळलं. थाप मारली असती तर कोण पकडणार होतं? पण नाना हट्टी असले तरी खोटारडे नव्हते.

"पंप मी तठेच धुस," ते म्हणाले. मग विहिरीकडे बघत हळूच, "आन ज्योती तठेच पोरले आंघोय घालस."

ज्योती त्यांची सून, पोर आठ महिन्यांचं. नानांनी उठून स्वतःच ड्रम आडवा केला.

"आखो चाळीस दिन," यशोदाबाई म्हणाल्या आणि मडकी पुन्हा भरली. या वेळी पाणी गावातल्या हातपंपाचं, आणि हंडा नानांच्या खांद्यावर. आता जीवराम नानांना हसायचा.

चाळीस दिवसांनी लिंबाखालच्या मातीत गांडुळं करंगळीएवढी लांब आणि गळ्याशी पट्टा. कपाशीच्या मातीत तेच दोरे. नानांनी दोन्ही तळहातांवर एकेक घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले.

पुढच्या फवारणीला त्यांनी एक झाकण ओतलं. हात सवयीनं पुन्हा बाटलीकडे गेला. यशोदाबाई समोरच होत्या. नानांनी बाटलीला झाकण घट्ट लावलं.