ढोलीसमोरची वही

साहेब, तुम्ही माझी वही वाचलीत. बोटाला थुंकी लावून, पान न् पान उलटून वाचलीत. पण जिच्यासाठी ती लिहिली होती ती झाडातली ढोली चौकीपासून चालत पाच मिनिटांवर होती. तिथे तुम्ही गेला नाहीत. शिपायालाही पाठवलं नाहीत. माझ्या वॉर्डातल्या नवशिक्या पोरीने पेशंटला न बघता असं काही ठरवलं असतं, तर मी तिला कान धरून खाटेपाशी नेली असती.

"अक्षर कुणाचं?" तुम्ही विचारलंत.

"माझं. हिरा. स्टाफ नर्स आहे मी."

"हे काय? 'सात पंचावन्न. गेटवरचे गार्ड बदलले. तो आला नाही. आठ वीस. पश्चिमेकडून आला. आत दिलं.' कोण आला?"

"पक्षी, साहेब," माझा नवरा सुखदेव म्हणाला. "धनेश. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, आणि नर तिला फटीतून भरवतो."

"वा! आणि घड्याळ लावून येतो?"

बाकावर बसलेले दोन शिपाई हसले. सुखदेवपण हसला. त्याचं ते हसणं मला अजून सहन होत नाही. अठ्ठावीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, सुपरवायझरला तोंडावर उत्तर देणारा. तो तुमच्या टेबलासमोर दात दाखवत होता.

झालं होतं ते एवढंच. अक्षता, आमची मुलगी, हडपसरच्या एका कंपनीत लागली आणि वर्षभराने तिने कॅमेरा घेतला. लांबच्या लेन्सचा. सुखदेवने तरुणपणी उसन्या कॅमेऱ्यावर वस्तीतली लग्नं काढली, चौदा एप्रिलच्या मिरवणुका काढल्या. एका रिळात छत्तीस फोटो. त्यातला एक हलला तरी दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. आता हा नवा कॅमेरा हातात आला तेव्हा तो साबणाने हात धुऊन आला.

"पप्पा, आंघोळच करून या ना," अक्षता म्हणाली.

"तू हस. हे रीळ संपतच नाही गं! म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा चुकायची मुभा."

त्या दिवशी त्याने आमच्या प्रेशर कुकरचे सत्तर फोटो काढले. पुढच्या रविवारी बापलेक बुधवार पेठेत जाऊन तीन पायांचा स्टँड घेऊन आले, आणि रिक्षातून उतरताना स्टँडची टोपी हरवली म्हणून एकमेकांवर ढकलत बसले. मी इतक्या वर्षांत घरात असं भांडण ऐकलं नव्हतं. ऐकत राहावंसं वाटलं.

कंपनीच्या मागच्या भिंतीआतलं ते ढोलीचं जुनं झाड अक्षताने हेरलं. भिंतीबाहेर फुटपाथ आहे, सगळ्यांचा. सहा रविवार आम्ही तिघं सकाळी तिथे जायचो. बाप एक फोटो काढायचा, मग लेक एक. मला ते बटण जमेना, म्हणून मी वही घेतली. वॉर्डात पहिल्या दिवशी शिकवलं होतं: लिहिलं नाही ते झालं नाही. औषध दिलं तर वेळ लिहा. दिलं नाही तर का नाही, ते लिहा.

"आई, वेळ कॅमेराच टाकतो," अक्षता म्हणाली होती.

"तो आला नाही, तेव्हाची वेळ टाकतो का तुझा कॅमेरा?"

म्हणून मी लिहिलं. गार्ड बदलताना गलका व्हायचा, पाखरू बिचकायचं, ढोलीतल्या मादीचं जेवण लांबायचं. ते कारण मी लिहिलं. फेब्रुवारीत शहरात स्फोट झालेला, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या आठवड्यात आमच्या हॉस्पिटलात कुणाला घरी जायला मिळालं नव्हतं. तरी मला सुचलं नाही. ही माझी चूक, आणि मी ती इथे लिहून देते आहे. तुमची चूक तुम्ही लिहून देणार का?

गेटवरचा ज्ञानदेव आधी आला होता. मांजरीकडचा पोरगा. "मावशी, वर कळवावं लागतंय बघा. गेटच्या क्यामेऱ्यात दिसताय तुमी दर रविवारी. मी सांगितलं आमच्या सायबाला, पाखराचं हाय म्हणून. त्यो म्हणला, तू गप."

मग जीप आली.

चौकीत तुम्ही आडनाव विचारलंत. मग राहायला कुठे. मग आमच्याकडे एकदा आणि कॅमेऱ्याकडे एकदा बघून म्हणालात, "हा तुमचा? बिल आहे?"

बिल घरी होतं. पाखरं बघायला कोण बिल घेऊन जातं?

"सर, आय वर्क इन..." अक्षता म्हणाली.

"मराठी येतं ना? मग मराठीत. लग्न झालंय का?"

ती मराठीत 'नाही' म्हणाली. रोज फोनवर परदेशातल्या माणसांशी वाद घालणारी माझी मुलगी. तिचा हात मी धरला. सवयीने बोटं मनगटावर गेली, पण नाडी मोजता येईना. आकडे पुढे सरकत नव्हते.

तुम्ही फोटो पाहिलेत. पक्षी दिसत होता, चोचीतलं फळसुद्धा दिसत होतं. "मागे कंपनीची बिल्डिंग येते. पुसा." तिने एकेक करून पुसले. सहा रविवार. सुखदेव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कॅमेरा परत दिलात, वही ठेवून घेतलीत. म्हणजे पुरावा पुसायला लावलात आणि संशय जपून ठेवलात.

दुपारी दोनला सोडलंत. "जा आता, काही नाही," म्हणालात. आम्ही तुमचे आभार मानले, साहेब. तिघांनी मानले.

काही नाही, तर मग पुढचं ऐका. जूनमध्ये अक्षताचं नाव बाहेरच्या प्रोजेक्टला लागलं. पासपोर्टचा अर्ज गेला आणि उत्तर आलं: पोलीस अहवाल प्रतिकूल. कारण नाही. तुमच्या चौकीत गेले, तर वरच्या ऑफिसात जा. वरच्या ऑफिसात गेले, तर खालून आलंय. तीन अर्ज दिले, तिन्हींच्या पोचा माझ्याकडे आहेत. तिच्या जागी शेफाली म्हणून दुसरी मुलगी गेली. विमानतळावर तिला सोडायला अक्षता गेली होती, पेढे घेऊन.

आता जिन्यात बूट वाजले की सुखदेव टीव्हीचा आवाज बारीक करतो. बेल वाजली की आधी मी दाराशी जाते, तो आतल्या खोलीत. परवा बाल्कनीच्या गजावर एक सूर्यपक्षी येऊन बसला, हाताएवढ्या अंतरावर. अक्षता ओरडली, "पप्पा, कॅमेरा!" त्याने उठून काच लावली आणि पडदा ओढून घेतला. "समोर बिल्डिंग आहे," म्हणाला.

वॉर्डात पहाटे माणूस गेला की त्याच्या माणसांना मी स्वतः सांगत आले. किती वाजता गेला, कशाने गेला, शेवटचं इंजेक्शन कोणी दिलं. अंगावर धावून आले तरी सांगितलं, कारण ते त्यांचं माणूस होतं.

अक्षता माझं माणूस आहे. तिच्या नावापुढे तुम्ही काय लिहिलंत? कोणत्या तारखेला, आणि कोणाच्या सहीने?

हा अर्ज आत पाठवून मी चौकीबाहेरच्या बाकावर बसले आहे. ड्यूटीला रजा टाकली आहे. सांगा.