पेटीतली तिसरी रेकॉर्ड

कंपनीनं कळवलं, बँडच्या नऊ रेकॉर्डींपैकी तीन पुन्हा काढणार, छानशा पेटीत घालून. म्हणजे पुढच्या लोकांसाठी बँड एवढाच. झालं, चौघं म्हातारे आमच्या बैठकीच्या खोलीत ठाण मांडून बसले. चहा करायला मी होतेच.

दोन रेकॉर्डींवर वाद नव्हता. लोक अजून त्याच गुणगुणतात. फक्त त्या झाल्या तेव्हा माझ्या नवऱ्याचा, म्हणजे ड्रमरचा, हात प्लास्टरमध्ये होता आणि ड्रम भलत्याच माणसानं वाजवले होते. उरली एक जागा. एकीकडे पाचवी, नवऱ्यानं जीव ओतून वाजवलेली. दुसरीकडे सातवी. तिच्यावर फॅशन म्हणून ड्रमचं यंत्र लावलं होतं आणि नवरा स्टुडिओत पेपर वाचत बसला होता. सातवी निवडली तर आख्ख्या पेटीत तो कुठेच नाही. माझा जीव टांगणीला लागला.

बँडची जुनी पद्धत अशी, की गायकाला मत नाही, कारण त्याला स्वतःचं सगळंच आवडतं. गिटारवाला आणि बेसवाला तार छेडायची आपापली चकती पसंतीच्या कव्हरवर ठेवणार. फूट पडली तर ड्रमरची काठी ठेवेल ती खरी.

गिटारवाल्यानं चकती सातवीवर ठेवली. तीत तो एकटाच वाजवत सुटलाय, दुसरं काय. बेसवाल्यानं पाचवीवर.

"वहिनी, बरोबर ना?" तो म्हणाला. गुणी माणूस. त्याच्यापुढे मी बिस्किटांची बशीच सरकवली.

आता काठी. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे आपण. नवऱ्यानं दोन्ही कव्हरं निवांत न्याहाळली आणि काठी सातवीवर ठेवली.

मंडळी जाईपर्यंत मी कसंबसं तोंड आवरलं. दार लागल्याबरोबर सुनावलं, "अक्कल गहाण ठेवली होतीस का? आपल्याच हातानं स्वतःला पुसून टाकलंस."

"सातवीतली गाणी चांगली आहेत गं," तो कप गोळा करत म्हणाला. "पाचवीत मी घाई करतो. दर गाण्यात पुढे पळतो. तुला कधी जाणवलं नाही?"

जाणवलं होतं. पहिल्यांदा ऐकली तेव्हाच.

"छे," मी म्हटलं. "काहीतरीच."

"खरंच?" त्यानं कप होते तिथेच ठेवले. "मग लावू?"

लावली. तो दर गाण्यात पुढे पळत होता, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटत होता की रडूच आलं.