शेपटीकडचे वजन

मित्रांनो, नेब्रास्कातल्या एका गॅरेजमध्ये छताच्या दोन आकड्यांना उलटे टांगलेले, रिमोटवर उडणारे एक लहान पिवळे विमान आहे. ते मी. माझा डावा पंख मोडलेला आहे. तो कसा मोडला, ते ऐकून ठेवा.

मी दुकानातून विकत आणलेला नाही. लेनर्ड कुचेरा याने धान्याच्या कोठारावरची नोकरी संपल्यावर मला घरीच बनवले. त्याची बायको आर्डिस त्याला म्हणाली होती, "बनव, पण माझ्या जिवाला घोर लागेल असं नको. गिरक्या-बिरक्या नकोत." म्हणून त्याने मला शांत स्वभावाचा केला. पंख अंगाच्या वर बसवला आणि त्याची दोन्ही टोके जराशी उचललेली ठेवली. त्यामुळे वाऱ्याने एक बाजू खाली गेली तरी ती आपोआप वर यायची. शेपूट रुंद केली. बॅटरी थेट नाकात ठेवली. आर्डिसने घरच्या इस्त्रीने माझ्यावर पिवळे प्लॅस्टिकचे आवरण चिकटवले. त्यानंतर त्या इस्त्रीचे डाग लेनर्डच्या शर्टांवर उमटत राहिले.

हे सगळे नीट जमले तरी विमान शेवटी तोलावर उडते. माझा तोल पाहण्याची या घराची एक रीत होती. आर्डिसने माझ्या पंखाखाली शाईने दोन ठिपके काढले होते. प्रत्येक उड्डाणाआधी ती त्या ठिपक्यांना एकेक बोट लावून मला उचलायची आणि लेनर्ड बाजूला उकिडवा बसून बघायचा. नाक किंचित खाली झुकले तर ठीक. शेपूट झुकली तर त्या दिवशी उडायचे नाही. एकट्यालाही हे करता येते, पण उचलायचे तिने आणि बघायचे त्याने, असे ठरून गेले होते.

ते दिवस फार चांगले होते. गावाबाहेर सोयाबीनच्या शेताला लागून, अशी विमाने उडवणाऱ्या आमच्या क्लबचे मैदान होते. नवे लोक माझ्यावरच विमान उडवायला शिकले. दर उन्हाळ्याच्या सहलीत मी पोटातल्या लहान डब्यातून मुलांवर लिमलेटच्या गोळ्या सोडायचो. लेनर्डने रिमोटवरची कळ दाबली की डब्याचे झाकण उघडायचे. तो डबा बरोबर ठिपक्यांच्या रेषेत होता. त्यामुळे भरलेला असो की रिकामा, माझा तोल ढळत नसे. क्लबमध्ये सुरक्षेचे काम बघणारा व्हर्न स्वोबोडा म्हणायचा, "लेनर्ड, याला तुझी गरजच नाही. तू घरी जाऊन झोप, हे येईल मागून." लेनर्डला ते आवडायचे, पण तो दाखवत नसे.

मग एका हिवाळ्यात आर्डिस आजारी पडली आणि फेब्रुवारीत गेली. आपली राख पिवळ्या विमानातून मैदानाजवळच्या ओढ्यावर सोडावी, असे तिने सांगून ठेवले होते. आमच्या मैदानावर ही गोष्ट नवी नाही. कोणी गेले की त्याची राख एकदा वर नेतात आणि मग सगळे मिळून जेवतात.

पण राख गोळ्यांपेक्षा जास्त होती. जुन्या डब्यात ती मावेना. थोडी घरी ठेवावी, असे मुलीने फोनवर सुचवले, तर लेनर्ड म्हणाला, "निम्मी वर आणि निम्मी कपाटात, असं नाही करणार मी." त्याने मोठा डबा केला. पंखाखाली तारा होत्या, म्हणून तो मागे, शेपटीकडे बसवला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याने माझे सगळे वजन केले. एवढे मी उचलू शकतो म्हणून त्याचे समाधान झाले. मग त्याने मला उलटे केले, ठिपक्यांवरची धूळ पुसली आणि बोटे न लावताच पुन्हा सुलटे केले. माझी शेपूट मला जड वाटत होती. मला बोलता येत नव्हते.

मे महिन्यातल्या रविवारी सगळे मैदानावर जमले. चर्चमधल्या बायकांनी कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, आणले होते. मंडपाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. दक्षिणेचा वारा वाढत होता.

"तोल बघितलास?" व्हर्नने विचारले.

"बघितला."

व्हर्नने दोन बोटे पुढे केली. "मी उचलतो, तू बघ. अर्धं मिनिट."

"बघितला म्हटलं ना."

तो आवाज ऐकून व्हर्नने हात खिशात घातले.

जमीन सोडताच माझे नाक वर गेले. लेनर्डने ते दाबले तर मी डोके घालून खाली सुटलो. त्याने ओढले तर पुन्हा वर. पूर्वी माझा मी सावरायचो. आता त्याची प्रत्येक दुरुस्ती मला आणखी बिघडवत होती. समोरच्या बाजूला ओढा होता, पण मी भेलकांडत वळलो आणि मंडपाकडे येऊ लागलो. आधी कोणीतरी हसले, मग खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. माझ्या नाकाशी पाते फिरत होते. त्या पात्याने माणसाचे बोट तुटते, आणि इथे तर तोंडे होती.

व्हर्न लेनर्डच्या खांद्याशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "झाकण उघड."

"इथे नाही. ओढ्यावर."

"ओढ्यापर्यंत ते जात नाही, लेनर्ड. शेपूट जड आहे. झाकण उघड."

लेनर्डने एकदा ओढ्याकडे पाहिले. मग त्याने कळ दाबली.

राख मंडपावर, गाड्यांवर, टोप्यांवर पडली. माझी शेपूट हलकी झाली आणि मी त्याच्या हाताला ऐकू लागलो. पण उंची उरली नव्हती. त्याने मला माणसांपासून दूर शेताकडे वळवले आणि कुंपणाच्या खांबाने माझा पंख नेला.

कोणाला लागले नाही. कोणी खांदेही झटकले नाहीत. व्हर्नने हातातल्या कागदी कपात पाहिले.

"थोडी माझ्या कॉफीत पडली आहे."

"तू कॉफी फार काळी पितोस, असं ती म्हणायचीच," लेनर्ड म्हणाला आणि गवतावर बसला. तो बराच वेळ उठला नाही.

आता मी इथे टांगलेला आहे. लेनर्डने पंखासाठी नवे लाकूड आणले आहे, पण ते तसेच पडून आहे. तो रोज येऊन माझ्याखाली स्टुलावर बसतो. त्याची पँट आता पट्ट्याने आवळून धरावी लागते. मुलीचा फोन येतो तेव्हा तो म्हणतो, "जेवलो." व्हर्न फाटकातूनच विचारतो, "बरा आहेस ना?" लेनर्ड म्हणतो, "बरा आहे." व्हर्न निघून जातो.

मित्रांनो, हा आवाज मी ओळखतो. मैदानावर "बघितला" म्हणताना त्याचा आवाज अगदी असाच होता. तुमच्या ओळखीचे कोणी असे उत्तर देत असेल, तर फाटकातून परत फिरू नका. आत या, आणि तो नको म्हणाला तरी हात लावून बघा.