दोरी एकच असते

डेल ऑस्टबीला त्या डॉक्टरीणबाईंचा संशय पहिल्या दिवसापासून होता. दोरीने तो पक्का केला.

त्याची नऊ वर्षांची टिली अर्धं पान वाचलं की कपाळ चोळायला लागायची. ओळ सुटायची, तीच ओळ पुन्हा वाचली जायची, मग पुस्तक मिटून रडणं. नेहमीच्या डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचून घेतला आणि नजर उत्तम आहे म्हणून परत पाठवलं. तेव्हा बायकोने, कॅरनने, कुठूनतरी डॉ. मॉरीन यांचा पत्ता काढला. त्या डोळ्यांचे व्यायाम घेतात म्हणे. डोळ्यांचे! विस्कॉन्सिनात माणसाने दारातला बर्फ उपसावा, याला डेल व्यायाम म्हणायचा.

घरी रोज करायचा व्यायाम म्हणजे एक पांढरी दोरी आणि तीत ओवलेले लाल, पिवळा, हिरवा असे तीन मणी. एक टोक फ्रिजच्या मुठीला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याशी धरायचं आणि एकेका मण्याकडे बघायचं.

“पिवळा मणी. किती दोऱ्या दिसतात?” कॅरन विचारायची.

“दोन. मण्यावर त्यांची फुली होते.”

“शाब्बास!”

हे शाब्बास ऐकलं की डेल हातातला काटा ताटात आपटायचा. तो सुतार. पंचवीस वर्षं दोरी ताणून आणि उजवा डोळा मिटून फळीची धार बघत आलेला. दोरी एकच असते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. बाई आधी पोरीला ‘दोन म्हण’ सांगते आणि पोर दोन म्हणाली की ‘बघा, सुधारली’ म्हणते. इथे नक्की पाणी मुरत होतं. टिली हल्ली सलग चार पानं वाचते, असं कॅरन म्हणाली, तर तो म्हणाला, “वयाने आलं असेल.”

रविवारी कॅरन चर्चच्या जेवणासाठी हॉटडिशचं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाटा-खिम्याचं, भांडं घेऊन पुढे गेली. घरात कुणी बघत नाही असं पाहून डेलने दोरी नाकाला लावली. पिवळा मणी. दोरी एक. त्याने चष्मा पुसला, पुन्हा लावली. एक म्हणजे एकच.

“टिली! इकडे ये. धर ही. किती?”

“दोन.”

“खरं सांग.”

“दोनच आहेत, डॅडी.”

“मी आत्ता बघितली. एक आहे. मी काय आंधळा आहे? त्या बाईने सांगितलं म्हणून माझ्याशी खोटं बोलतेस?”

टिलीने दोरीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग म्हणाली, “एक.”

आणि हा शहाणा खूश झाला! खरं बोलल्याबद्दल त्याने तिला वाटीभर आइस्क्रीम दिलं. तिने ते खाल्लं नाही, ते काही त्याच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी तो स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेला, हे सगळं आजच बंद करायचं ठरवून.

“पोरीने कबूल केलंय,” खुर्चीत न बसताच तो म्हणाला. “तिला एकच दोरी दिसते. तुम्ही तिला पढवलंत.”

डॉ. मॉरीन चिडल्या नाहीत. त्यांनी टिलीकडे पाहिलं, तर ती बुटांकडे बघत होती. “तिला एक दिसते, की तुम्हाला?”

“मलाही एकच. कारण आहेच एक!”

“बसा जरा. धरा दोरी.” त्यांनी तळहाताने त्याचा उजवा डोळा झाकला. दोरी होती तिथेच. मग डावा झाकला, आणि दोरी एकदम दुसऱ्या बाजूला सरकली. डेल दचकला.

“दोन्ही डोळे मिळून बघत असतील तर दोन दोऱ्या दिसायलाच हव्यात,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक डोळ्याची एक. दोन्ही उघडे असले की तुमचा मेंदू उजव्या डोळ्याचं ऐकतच नाही. कदाचित लहानपणापासून. फेकलेला बॉल झेलता यायचा का तुम्हाला?”

लहानपणी अंगणात डेलचा बाप त्याच्याकडे बॉल फेकायचा आणि प्रत्येक वेळी ओरडायचा, ‘लक्ष कुठे असतं रे, धांदरटा!’ लक्ष तिथेच असायचं. हे त्याने बापाला किती वेळा सांगितलं होतं, आणि बापाने एकदाही खरं मानलं नव्हतं.

डेल टिलीसमोर उकिडवा बसला आणि दोरीचं टोक त्याने तिच्या हातात दिलं.

“बेटा, चुकलं माझं. तूच खरं बोलत होतीस. आता सांग, किती दिसतात?”

टिलीने दोरी नाकाशी नेली, पण मण्याकडे बघितलंच नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

“किती सांगू, डॅडी?”